भोंगा आणि पंधरा दिवसांची रजा

अर्जातल्या कारणाच्या रकान्यात संघमित्राने "घरगुती" एवढंच लिहिलं आणि पंधरा दिवसांची अर्जित रजा मागितली. साहेबांनी चष्मा कपाळावर सारून विचारलं, "सगळं ठीक ना? सासरे आजारी वगैरे?" ती म्हणाली, "हो सर, तसंच काहीसं." आता साहेबांना काय सांगणार? परळच्या सरकारी कार्यालयातली वरिष्ठ लिपिक, सोळा वर्षांची नोकरी, स्वतःच्या लग्नाला जिने आठ दिवसांवर नववा दिवस घेतला नाही, ती बाई कुत्र्याला गप्प बसायला शिकवण्यासाठी घरी राहणार आहे, असं सांगायचं? उद्या अख्खं ऑफिस तोंडाला रुमाल लावून हसलं असतं.

कुत्र्याचं नाव भोंगा. ते ठेवलं अप्पांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी. वरळीच्या बीडीडी चाळीत जिन्याखाली सहा वर्षांपूर्वी एक तांबूस पिल्लू सापडलं, ते बरोब्बर सकाळी सात वाजता केकाटायचं. रामदास अप्पांनी पंचवीस वर्षं कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवलेले. ते म्हणाले, हा तर आमचा सात वाजताचा भोंगा. झालं, तेच नाव पडलं आणि बेट्याने ते पुढे इमानाने चालवलं.

चाळीत त्याच्या भुंकण्याचं कोणाला काही वाटलं नाही. तिथे सगळंच मोठ्याने चालायचं. भांडणं मोठ्याने, टीव्ही मोठ्याने, विहारातल्या वंदनेचा स्पीकरही मोठा. दारं दिवसभर सताड उघडी, माणूस थेट आत येऊन चहा मागायचा, बेल कोणाकडे होती? भोंगा उंबऱ्यावर पडून राहायचा आणि अनोळखी माणूस दिसला की दोनदा भुंकायचा. लोक कौतुक करायचे, की रामदासच्या कुत्र्याला माणसं कळतात.

मग चाळ पाडायची ठरली. तीन-चार वर्षं करी रोडला भाड्याच्या खोलीत काढली, तिथेच सासूबाई, आनंदीबाई, गेल्या. आणि शेवटी टॉवरमध्ये तेविसाव्या मजल्यावर घर मिळालं. हॉल, दोन खोल्या, संडास घरातच, खिडकीतून समुद्राची पट्टी. राजरत्नने, म्हणजे संघमित्राच्या नवऱ्याने, हौसेने चिमणीच्या आवाजाची बेल बसवली. आणि त्या चिमणीने घरादाराची झोप उडवली.

बेल वाजली की भोंगा सुरू. फोन वाजला की सुरू. कुकरची शिट्टी झाली की सुरू. आणि सुरू म्हणजे दोनदा-तीनदा नव्हे, घसा फुटेपर्यंत. हॉलमध्ये थयथयाट करत गोल फिरायचा आणि थांबायचं नाव नाही. गंमत बघा, गणपतीत खाली दहा दिवस ढोल-ताशे बडवले, तेव्हा हा पठ्ठ्या अप्पांच्या पायाशी घोरत होता. कुकरच्या शिट्टीला मात्र वैरी आल्यासारखा उठायचा. संघमित्राला त्याचं गणितच कळेना.

मजल्यावर सहा घरं. खाली-वर मिळून अकरा घरांच्या सह्यांचा कागद घेऊन एका रविवारी अवधूत सावंत आला. हा सोसायटीचा सेक्रेटरी, राजरत्नबरोबर चाळीच्या मैदानात क्रिकेट खेळून वाढलेला.

"वहिनी, राग मानू नका," तो म्हणाला, "पण आमची श्रेया बारावीला आहे. पोरगी कानात बोळे घालून बसते."

संघमित्रा कायदा कोळून प्यायलेली बाई. तिने शांतपणे सांगितलं, की सोसायटीला कोणाचं पाळीव जनावर काढायला लावता येत नाही.

"कायदा आम्हाला तुम्ही नका सांगू," अवधूत म्हणाला, "तुम्ही सरकारी माणसं, तुम्हाला पाठ असणारच. पण शेजारधर्म नावाची चीज असते की नाही? चाळीत याच भोंग्याला मी माझ्या ताटातली मच्छी घातलीय. मला काय मजा येते सह्या गोळा करायला?"

कायद्याला उत्तर देता येतं, ताटातल्या मच्छीला देता येत नाही. अप्पा समोरच खुर्चीत बसले होते, मान डोलवत. अवधूतचं बोलणं संपल्यावर ते मोठ्याने म्हणाले, "हो हो, बस की. चहा घेऊन जा." संघमित्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथे कुत्र्याच्या राहण्या-जाण्याचा प्रश्न आहे आणि या माणसाला चहाचं पडलंय.

अवधूत गेल्यावर राजरत्नने निकाल दिला. "महिनाअखेर. तोपर्यंत सुधारला तर ठीक. नाहीतर महाडला मामांच्या शेतावर सोडतो. मोकळी जागा आहे, भुंकू दे हवा तेवढा."

बोलायला सोपं होतं. पण संघमित्राला पक्कं ठाऊक होतं, की भोंगा महाडला गेला तर अप्पा फार दिवस काढायचे नाहीत. सासूबाईंना जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून अप्पा जेवायला बसायचे ते भोंगा शेजारी बसला तरच. दुपारी त्याच्या पाठीवर हात ठेवूनच डोळा लागायचा. विहाराच्या कट्ट्यावरचं बसणं बंद, मित्रांकडे जाणं बंद. बोलायचे तेही त्याच्याशीच. कुत्रं गेलं की या घरात एक सत्तरीचा माणूस भिंतीकडे बघत बसणार, आणि ते बघायची तिची तयारी नव्हती. म्हणून रजा.

ऑफिसातल्या प्रितीने मनवाचा नंबर दिला. ही मुलगी शिवाजी पार्कात सकाळी लोकांच्या कुत्र्यांना शिकवायची. पंचविशीची, काटकुळी पोर, पायात फाटके बूट. घरी आली, भोंग्याकडे न बघता खाली फरशीवर बसली, आणि पाच मिनिटांत भोंगा तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडला. अप्पा कौतुकाने बघत राहिले.

"मारायचं नाही, दटावायचं नाही, गळ्यात ते करंटवाले पट्टे तर अजिबात नाही," मनवा म्हणाली. "आणि ओरडायचं नाही काकू. तुम्ही ओरडलात की त्याला वाटतं, अरे वा, हेपण माझ्यासोबत भुंकतायत."

पद्धत तिने सोपी सांगितली. एक जुनी गोधडी ही त्याची जागा. बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करायचा आणि अगदी बारीक वाजवायचा. तो गप्प राहिला की हळू आवाजात "शांत" म्हणायचं आणि लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्यायचा. लगेच म्हणजे लगेच, घास तोंडात जाईपर्यंत भुंकला तर सगळं फुकट. मग रोज आवाज थोडाथोडा वाढवायचा.

"आणि सगळ्यांनी एकच करायचं," जाताना तिने बजावलं. "घरातल्या एकाने जरी भुंकल्यावर खाऊ दिला, तर तुमची आठवड्याची मेहनत पाण्यात."

पहिल्या दिवशी संघमित्राने एकशेचाळीस वेळा चिमणी वाजवली. कान किटले, चिकन संपलं, गुडघे धरले. पण चौथ्या दिवसापर्यंत भोंगा बेल ऐकून गोधडीवर जाऊन बसू लागला. तिच्याकडे असं बघायचा, की आता देतेस ना. सहाव्या दिवशी मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवला, तरी हूं की चूं नाही. तिला तर वाटलं, पदोन्नती मिळाली तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

अडचण होती अप्पांची. त्यांना "शांत" हळू म्हणताच यायचं नाही. साचेखात्यात शेकडो साचे एकदम धडधडायचे, तिथे पंचवीस वर्षं काढलेला माणूस. त्याचं साधं बोलणंसुद्धा शेजारच्या इमारतीत ऐकू जायचं. भोंगा भुंकायचा आणि अप्पा त्याच्या वर आवाज लावून "शांssत" म्हणायचे. तो आणखी जोरात भुंकायचा, हे आणखी जोरात. एकदा लिफ्टमध्ये भेटलेला अवधूत म्हणाला, "वहिनी, कुत्र्याचं होईल हो, पण अप्पांना कोण शिकवणार?" ती कसनुसं हसली. आतून नुसती धुमसत होती.

"अप्पा, हळू. हळू बोलायचं," ती त्यांना दिवसातून दहा वेळा सांगायची.

"हळूच तर बोललो," अप्पा सांगायचे. सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं.

आणि आठव्या दिवशी सगळंच फिसकटलं. ती तासाभरासाठी बाजारात गेली. परत आली तर लिफ्टचं दार उघडायच्या आधीच भोंग्याचा आवाज विसाव्या मजल्यापासून ऐकू येत होता. दारात कुरियरवाला ताटकळत उभा, समोरच्या घरातली बाई दार किलकिलं करून म्हणाली, "तुम्ही असता तेव्हा नसतो हो भुंकत. तुमची पाठ फिरली की चालू होतो."

तिने गोधडी झटकली तर बिस्किटाचा चुरा पडला. ग्लुकोजच्या बिस्किटाचा. चिकनच्या तुकड्यांचा चुरा पडत नाही. अप्पांच्या उशीखाली अर्धा पुडा निघाला.

"अप्पा, तुम्ही याला भुंकल्यावर बिस्किट देता?"

"नाय बा," अप्पा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

सत्तर वर्षांचा माणूस तोंडावर खोटं बोलतो, याचा तिला बिस्किटापेक्षा जास्त राग आला. आपण रजा जाळतोय कोणासाठी? गुडघे फरशीवर घासतोय ते कोणाचं कुत्रं या घरात राहावं म्हणून? आणि हाच माणूस मागून सगळं उसवतोय. चोराला म्हणायचं चोरी कर आणि धन्याला म्हणायचं जागा राहा, त्यातली गत. तिने त्या दिवशी भाकऱ्या अशा थापल्या, की खालच्या मजल्यावरून आणखी एक तक्रार यायची बाकी राहिली. रात्री जेवताना राजरत्न म्हणाला, "सोड गं. नाही होत. मी मामांना फोन करतो." आणि ती ताटावरून उठली. रडू आलं होतं, आणि या गोष्टीसाठी रडावं लागतंय याचीच लाज वाटत होती.

अकराव्या दिवशी दुपारी तिचं डोकं ठणकत होतं. ती आतल्या खोलीत दार लोटून आडवी झाली. बाजारात जाते असं आधी अप्पांना सांगितलं होतं, नंतर बेत बदलला तो सांगायचं राहून गेलं. अप्पा हॉलमध्ये दाराकडे पाठ करून, पेपर उघडून बसलेले.

बेल वाजली. चिमणी तीनदा किलबिलली.

ती उठली, आणि दाराच्या फटीतून जे दिसलं ते बघून तिथेच थांबली. भोंगा दाराकडे गेलाच नाही. तो गोधडीवरून उठला, सरळ अप्पांच्या समोर गेला, त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि भुंकला. पुढचा पंजा पेपरावर मारला. अप्पांनी लगेच वर बघितलं. खिशात हात घातला, बिस्किट काढलं, त्याला दिलं आणि म्हणाले, "शाब्बास माझ्या राजा." मग ते उठून दार उघडायला गेले. भोंगा बिस्किट खात बसला, एकदम गप्प.

पाणीपुरीच्या पुऱ्या विकणारी बाई होती. तिला नको सांगून अप्पांनी दार लावलं. इकडे संघमित्रा खोलीतून ताडकन बाहेर आली. आता रंगेहाथ पकडलं होतं.

"अप्पा," ती मागून म्हणाली.

अप्पा खुर्चीकडे चालत राहिले.

"अप्पा, मी काय बोलतेय? अप्पा."

तीन हातांवर ती उभी होती. ते खुर्चीत बसले आणि पेपर उचलला. तेवढ्यात भोंग्याने तिच्याकडे बघितलं, मग अप्पांकडे बघितलं, उठून अप्पांच्या समोर गेला आणि भुंकला. अप्पांनी मान वर केली. भोंगा तिच्याकडे तोंड करून पुन्हा भुंकला. अप्पा वळले, ती दिसली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उडाला.

आता संघमित्राला एकेक गोष्ट जुळू लागली. बेल. फोन. कुकरची शिट्टी. ढोल-ताशे सोडून घरातला एकेक बारीक आवाज. हे कुत्रं बेलवर भुंकतच नव्हतं, ते म्हाताऱ्याला बोलवायला जात होतं.

ती त्यांच्या समोर खाली बसली. "अप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

अप्पा तिच्या ओठांकडे बघत होते. तेरा वर्षं ते असेच बघत होते, आणि तिला वाटायचं सासरे आपलं बोलणं मन लावून ऐकतात.

"येतं थोडं थोडं," ते म्हणाले. "जाड आवाज येतो. बारीक नाय येत. गिरणीतच गेलं ते. तिथे सगळ्यांचंच गेलेलं, कोण कोणाला सांगणार? ओठ बघायचे, हाताने बोलायचं. पण गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झालो ना. बहिरा वॉचमन कोण ठेवील? तेव्हापासून नाय सांगितलं कोणाला. फक्त हिला ठाऊक होतं."

ही म्हणजे आनंदीबाई. संघमित्राला आठवलं, सासूबाईंना प्रत्येक वाक्य दोनदा बोलायची खोड होती. पाहुणे आले की त्या अप्पांना खेटून बसायच्या आणि सारखं त्यांचं कोपर ढोसायच्या. सून म्हणून तिने मनातल्या मनात किती वेळा नाकं मुरडली होती, की या बाईला नवऱ्याला एक वाक्य स्वतःहून बोलू द्यायला काय होतं.

"मग सांगायचं ना," ती म्हणाली. आवाज तरी चढलाच. "मी इथे दहा दिवस जीव काढतेय. तुम्ही एका शब्दाने बोलला असता तर? आणि बिस्किटं? ती कशाला? त्याला भुंकायची सवय लागते हे मनवाने तुमच्यासमोर सांगितलं होतं."

"ते कळलं होतं मला," अप्पा म्हणाले. "म्हणून तर दिलं."

"म्हणजे?"

अप्पांनी भोंग्याच्या मानेत बोटं घातली आणि खाजवू लागले.

"करी रोडच्या खोलीत हा असाच आला होता माझ्यापुढे," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "तुम्ही दोघं कामावर. ही मोरीत गेलेली. मी पेपर वाचत होतो. हा भुंकायला लागला. माझा पाय धरला, पँट ओढली. मी बोललो, गप बस. तरी भुंकला. मग मी पेपरची गुंडाळी करून हाणली त्याच्या नाकावर आणि दाराबाहेर बांधला. गप झाला. मला बरं वाटलं, की शिस्त लागली."

संघमित्रा खुर्चीच्या आणखी जवळ सरकली.

"अर्ध्या तासाने शेजारीण आली. ती सांगत होती, आनंदी आत हाका मारत होती म्हणे. भिंतीपलीकडे तिला येत होत्या ऐकू, तिला वाटलं घरात माणूस आहे, बघेल. डॉक्टर काय बोलले आठवतं ना? जरा लवकर आणलं असतं तर. तू विचारलंस मला तेव्हा, अप्पा, तुम्ही कुठे होता? मी बोललो, खाली गेलो होतो. मी खाली नव्हतो गेलो."

तिने तेव्हा विचारलं होतं खरं. आणि उत्तर मिळाल्यावर पुन्हा कधी विचारलं नव्हतं.

"आता हा जेव्हा जेव्हा भुंकतो ना," अप्पा म्हणाले, "तेव्हा मी त्याला देतो बिस्किट. एकदा मारलं ते विसरला पाहिजे. परत गप्प नाय बसला पाहिजे. तुझी ती पोर बोलते शांत बोल. मला तो शब्द हळू नाय बोलता येत, असं वाटतं ना तुम्हाला? मला तो बोलायचाच नसतो."

भोंगा दोघांच्या मध्ये बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. संघमित्राला अप्पांचा राग येत होता, सासूबाईंसाठी वाईट वाटत होतं, आणि सगळ्यात जास्त राग येत होता स्वतःचा. तेरा वर्षं एका घरात राहून जे कुत्र्याला कळलं ते तिला कळलं नव्हतं. ती उठली, चहा केला, आणि एक कप अप्पांच्या हातात दिला.

संध्याकाळी तिने मनवाला फोन लावला. सगळं ऐकून ती पोर म्हणाली, "मग काकू, आपण चुकीचं शिकवत होतो. तो त्याचं काम करतोय. कामावरून काढू नका, फक्त काम करायची पद्धत बदला. भुंकायच्या ऐवजी नाकाने गुडघ्याला ढोसायला शिकवा. पण हे आजोबांनीच शिकवायला पाहिजे. आणि बोलायची गरज नाही, हाताने खूण केली तरी चालते. उलट कुत्र्यांना खूण लवकर कळते."

खूण म्हटल्यावर अप्पांचे डोळे चमकले. साचेखात्यात दुसरी भाषाच नव्हती. तुटलेल्या धाग्यासाठी एक खूण, मुकादम येतोय त्याला एक, चहाला एक. पंजा पालथा धरून हळूच खाली आणला की गप्प, काम चालू ठेव. हीच खूण त्यांनी भोंग्याला दाखवली. संघमित्रा मोबाइलवर चिमणी वाजवायची, भोंगा अप्पांपुढे यायचा, तोंड उघडायच्या आत अप्पा पंजा खाली आणायचे आणि चिकनचा तुकडा गुडघ्याला टेकवून धरायचे. नाक लागलं की घास तोंडात. शंभर वेळा. दोनशे वेळा. न कंटाळता, न ओरडता. जो माणूस हळू बोलू शकत नव्हता, तो एक शब्द न बोलता चार दिवस बसला. तिला जे दहा दिवसांत साधलं नाही ते त्या हाताने केलं.

सगळं काही सरळ झालं नाही, उगाच खोटं कशाला सांगा. कुकरच्या शिट्टीला भोंगा अजून एखादं भुंकून घेतो. राजरत्नला सांगितलं तेव्हा तो दोन दिवस बापाशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी न सांगता चिमणीची बेल काढून जाड घंटेची बसवली. श्रवणयंत्राचं नाव काढलं की अप्पा ताठ होतात. म्हणे जुने लोक बोलतील, प्रभादेवीला बारा वर्षं बहिरा माणूस पहारा देत होता. आता त्या इमारतीतलं कोण याची चौकशी करायला येणार आहे? पण हट्ट म्हणजे हट्ट, त्यापुढे तिने हात टेकले. अवधूतला तिने सगळं सांगितलं नाही, कामापुरतं सांगितलं. त्याने अकरा सह्यांचा कागद घडी करून खिशात घातला. म्हणाला, "फाडत नाही वहिनी, पण काढतपण नाही बाहेर."

रजेच्या शेवटच्या दिवशी सकाळी अप्पा म्हणाले, "चल आमच्यासोबत." रोज पहाटे ते भोंग्याला घेऊन वरळीच्या समुद्राकडे जातात हे तिला ठाऊक होतं, कशाला जातात हे कधी विचारलं नव्हतं. कट्ट्यावर बसल्यावर अप्पांनी घड्याळ बघितलं. सात वाजले होते. त्यांनी मूठ उघडून हवेत वर नेली, आणि भोंगा समुद्राकडे तोंड करून भुंकायला लागला. छाती फुगवून, खालच्या जाड आवाजात, जेवढं घरात दाबून ठेवलं होतं तेवढं सगळं. फिरायला आलेले लोक वळून बघत होते. अप्पा डोळे मिटून बसले होते.

बऱ्याच वेळाने त्यांनी पंजा पालथा करून खाली आणला. भोंगा गप्प झाला.

"हा एक आवाज मला पुरा येतो," अप्पा म्हणाले. "बाकी कोणाचा नाय येत. तुझापण अर्धाच येतो, उरलेला मी ओठावरून लावतो. घरात हा भुंकला की वाटायचं, घर बोलतंय. आता घरात गप्प असतो बिचारा. असू दे, लोकांना त्रास नको. म्हणून म्हटलं, इथे रोज एकदा बोलू दे."

पंधरा दिवस रजा काढून, गुडघे घासून, चिकन उकडून तिने काय बंद केलं होतं ते आता तिला कळलं. हाक मारण्यात अर्थ नव्हता, अप्पा पलीकडे बघत होते.

मग तिने हात पुढे केला आणि सासूबाई ढोसायच्या तसं त्यांचं कोपर ढोसलं. अप्पा चटकन वळले, तिच्या तोंडाकडे बघू लागले. ती सावकाश म्हणाली, "उद्यापासून मीपण येते."

"ऑफिसला उशीर होईल," अप्पा म्हणाले.

"होऊ दे," ती म्हणाली, आणि त्यांना कळलं.